साकोलीचा लाल ठिपका

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये मी मिस्त्री होतो तिथं माझी ख्याती अगदी उलट होती. चालू पट्ट्याशेजारी उभा राहून तेल घालणारा, चक्की बंद न करता नट आवळणारा, अशी. पण पट्ट्याला काय भ्यायचं? तो कुठून येतो नि कुठं जातो ते डोळ्यांना दिसत असतं. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टीची, आणि मी सांगतोय त्या सकाळी मला माझ्या जीपचं बोनेटसुद्धा धड दिसत नव्हतं.

जीप माझी म्हणजे शेठजींची. ऐंशीच्या सुमारास त्यांनी ती घेतली. लष्कराच्या लिलावातून निघालेली, मधे दोन मालकांच्या हातून फिरून आलेली. दारं नाहीत, वर ताडपत्री आणि पेट्रोल पिण्यात पटाईत. तिच्या डॅशबोर्डाच्या मधोमध वाटीएवढी काच बसवलेली होती आणि आत तेलासारख्या पाण्यात एक काटा पडलेला होता. शेठजींना वाटलं घड्याळ आहे आणि बंद पडलंय. "काढून टाक आन भोक बुजव," म्हणाले. मिलसमोरच्या टपरीवर फौजेतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर रोज चहाला येत. त्यांनी वाकून पाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आता सोनं भंगारात घालणार होतो. "अबे, हा कंपास होय. याच्या भरोशावर आम्ही वाळवंटात गाड्या चालवल्या. याले हात लावशीन तर विचारून लावजो."

मी विचारून विचारून त्यांचा जीव खाल्ला. आतलं पाणी अर्धं झिरपून गेलं होतं आणि काटा बुडाला टेकून अडकला होता. ते काढून मी मलमलीतून गाळलेलं रॉकेल भरलं. रबरी वायसर नवीन कापून बसवला. ते म्हणाले, लोखंड जवळ असलं की काटा खोटं बोलतो. म्हणून मी आजूबाजूचे लोखंडी स्क्रू काढून पितळेचे लावले, पान्यांची पेटी मागच्या सीटखाली नेऊन बांधली. मग धान वाळवायच्या मोठ्या ओट्यावर जीप नेऊन चारी दिशांना तोंड करून उभी केली आणि काट्याखालच्या दोन बारीक चकत्या केसभर इकडं, केसभर तिकडं करत बसलो. दोन रविवार त्यात गेले. हमाल लोक पोत्यांवर बसून बिड्या फुंकत माझी गंमत पाहत. मिस्त्रीच्या अंगात आलं, असंही कोणी म्हणालं असेल. मला पर्वा नव्हती.

शेवटची करामत माझी स्वतःची. खेड्यापाड्यांतून धानाचे नमुने आणायला मला जावं लागे. दिशेचे अंश कोण पाठ करणार? जीपचं तोंड एखाद्या गावाकडं असेल तेव्हा काटा जिथं थांबतो, तिथं काचेवर मी नेलपेंटचा एक लाल ठिपका द्यायचो आणि शेजारी गावाचं पहिलं अक्षर. परत तिकडं जायचं तर काटा ठिपक्यावर ठेवायचा आणि गाडी हाकायची. नेलपेंट बायकोचं, लग्नातलं. त्या बाटलीवरून ती अजून मला ऐकवते, आणि बरोबर ऐकवते.

गावोगावी या काट्यानं माझा जो काही मान वाढला तो सांगू नये. लोक जीपभोवती जमत. एखादा म्हातारा विचारी, "हा काटा पाऊस सांगते काय?" मी ऐटीत म्हणायचो, "नाही बाबा, वाट सांगते." काटा वाट सांगत नाही, फक्त दिशा सांगतो, हा फरक त्या फौजी ड्रायव्हरनं मला दहादा समजावला होता. पण ऐटीत असलेल्या माणसाला फरक ऐकू येत नाही.

माझी माय साकोली तालुक्यात एकोडीला राहायची, आमच्या जुन्या घरात, चुलतभावाच्या शेजारानं. तुमसरला ये म्हटलं की म्हणे, तिथं धूळ आन भुसा, मले दमा आहे. दमा खराच होता. आणि गुडघे. त्या वर्षी पौषात साकोलीकडच्या गावांचे नमुने आणायचे होते, म्हणून बायकोलाही जीपमध्ये घातलं आणि दोन दिवस मायकडं जाऊन आलो. आलो म्हणजे कसे आलो, तेच तर सांगायचं आहे.

गावातून साकोलीच्या सडकेला लागणारा मुरमाचा रस्ता तेव्हा मोरीच्या कामासाठी आडवा खोदून ठेवलेला होता. त्यानं कोणाचं काही अडत नव्हतं. धान खळ्यावर आलं की आमच्याकडं वावरातूनच गाडीवाटा निघतात. पावसाळ्यात ज्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, गुडघाभर चिखल असतो, त्यांचे मातीचे धुरे फोडून बैलगाड्या सरळ आरपार जातात. दर वर्षी वाट नवी, कारण ज्याची कापणी आधी उरकली त्याच्या बांधीतून पहिली चाकोरी पडते. शिवाय प्रत्येक खळ्याकडं, धानानंतर पेरलेल्या प्रत्येक लाखोळीच्या वावराकडं एकेक फाटा फुटलेला असतो. गावात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. मी गाव सोडून बारा वर्षं झालेला पाहुणा होतो, पण तसं मला सांगायची कोणाची टाप नव्हती.

आम्ही दुपारच्या लख्ख उन्हात त्या वाटेनं आत आलो. गावाच्या टोकाला मी जीप वळवली, सडकेवरचं मोहाचं झाड दूर दिसत होतं त्याच्याकडं नाक धरलं, काटा थांबू दिला आणि नवा ठिपका दिला. शेजारी लिहिलं, सा. माय काठी टेकत बघायला आली होती. "हे काय, गाडीले कुंकू लावून राहिला काय?" मी म्हटलं, "माय, आता डोळे बांधून साकोलीले जाईन." ती हसली. तिला माझं सगळंच खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायकोनं मला हलवून उठवलं. माय भिंतीला पाठ लावून बसली होती. तोंड उघडं, खांदे वरखाली, आणि छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज. दम तिला नेहमीच लागायचा, पण ओठ असे जांभळे मी कधी पाहिले नव्हते. तिच्या गोळ्या झाल्या, गरम पाणी झालं, काही उतार पडेना. चुलतभाऊ आला आणि दारातूनच म्हणाला, "साकोलीच्या दवाखान्यात ने. टाइम नको करू." मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं. धुई अशी बसली होती की अंगणातला गोठा गायब झाला होता.

भाऊ म्हणाला, "मी समोर पायी चालतो कंदील घेऊन. तू मागून ये."

"पायी गेलो तर दुपार होईल," मी म्हटलं. "लागत नाही बापा, जीपले समजते सारं."

त्यानं जीपकडं पाहिलं, मायकडं पाहिलं आणि तो बाजूला सरला. मोठ्या कारखान्यातल्या भावापुढं तो नेहमीच गप्प राहायचा. आज तो नाही, पण तो कंदील हातात धरून उभा होता तसा मला अजून दिसतो, आणि मला स्वतःचा राग येतो.

मायला मागं आडवं निजवता येईना. आडवी झाली की तिचा श्वास अडकायचा. म्हणून तिला समोर, माझ्या डाव्या हाताला बसवली. घोंगडी पांघरली. गुडघे आखडलेले, ते डॅशबोर्डाला टेकत होते. उजव्या गुडघ्यावर जाड फडकं बांधलेलं होतं, रुईची पानं असतील असं मी धरून चाललो. आमच्याकडं दुखऱ्या गुडघ्याला पानं गरम करून बांधतातच. बायको मागच्या सीटवरून तिचे दोन्ही खांदे धरून बसली. मी दिवे लावले. दिव्यांपुढं पांढरी भिंत उभी राहिली, म्हणून बंद केले.

निघालो. दहा पावलांवरची चाकोरी दिसायची, त्यापुढं पांढरं. मी पहिल्या गिअरमध्ये चाललो होतो. इंजिनाच्या आवाजात मायचा श्वास ऐकू येईना, म्हणून मधे मधे क्लच दाबून कान द्यायचो. शिट्टी ऐकू आली की पाय सोडायचो. एकदा ती ऐकू यायला उशीर झाला, आणि तेवढ्यात मला घाम फुटला. पौषातल्या पहाटे.

पहिल्या फाट्याला चाकोऱ्या दोन झाल्या. काट्याकडं पाहिलं. काटा ठिपक्यापासून जरा दूर होता, तर गाडी डावीकडं वळवत काटा ठिपक्यावर आणला आणि डावी चाकोरी धरली. ही चाकोरी उथळ होती, उजवी खोल. मनात आलं, खोल तीच जास्त गाड्यांची. पण काट्यापुढं मनाचं काय चालणार? ज्या यंत्रावर मी दोन रविवार घातले ते खोटं ठरवायची माझी तयारी नव्हती. पुढच्या फाट्यालाही काट्यानं डावीकडंच नेलं.

तिथं मायनं माझ्या मनगटावर हात ठेवला. थंडगार हात. तिचे ओठ हलले. "बापू... हे आपलं..." एवढंच आलं, पुढं खोकला.

"माय, तू बोलू नको," मी म्हटलं. ती पुन्हा काही सांगायला गेली. मी तिचा हात झटकला आणि ओरडलो. "गप बस म्हणतो ना! एक शब्द काढू नको. मले चालवू दे."

मागून बायको म्हणाली, "अवो, हळू." मी तिलाही काहीतरी बोललो. मला वाटत होतं की माय बोलली की तिचा उरलेला श्वास खर्च होतो, आणि प्रत्येक शब्दासरशी ती माझ्या हातातून जाते आहे. हे खरं आहे. पण हेही खरं की मी चुकतो आहे असं आतून वाटू लागलं होतं, आणि ते कोणी मोठ्यानं म्हणू नये म्हणून मी ओरडलो. माय गप्प झाली. हात घोंगडीत ओढून घेतला. तो घोंगडीखाली थरथरत होता, मला वाटलं दम्यानं.

नंतर किती वेळ गेला सांगता येत नाही. चाकोरी पुसट होत होत संपली. चाकांखाली धानाच्या खुंटांची करकर होती, तीही थांबली. जमीन मऊ लागू लागली. मी काटा ठिपक्यावर धरून होतो, अगदी नीट, शाळेत पट्टीनं रेघ मारतात तसा. मग समोरून एकदम फडफडाट झाला, बदकांचा एक थवा पांढऱ्यातून उठून पांढऱ्यात गेला, आणि जीपचं नाक खाली बसलं.

पाणी. आमच्याकडच्या जुन्या मालगुजारी तलावाला पाळ, म्हणजे मातीचा बांध, असते ती खालच्या अंगाला. वरच्या अंगाला काठ असा नसतोच. वावर कुठं संपतं आणि तलाव कुठं लागतो ते उन्हातही चटकन कळत नाही. मी सडकेकडं नव्हे, तलावाकडं आलो होतो. ब्रेकवर पाय दाबला तरी जीप चिखलावरून हातभर पुढं सरकली. दारं नव्हतीच. बर्फासारखं पाणी मायच्या पायांवर आलं. ती ओरडली नाही. ओरडायला तिच्याकडं वारा नव्हता.

इतका घाबरलो मी आयुष्यात कधी नाही. मला वाटलं, संपलं. या पांढऱ्यात माझी माय माझ्या शेजारी बसून गुदमरणार आणि मला कोणत्या दिशेला ओरडावं तेही कळणार नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी तोंडातल्या तोंडात "माय, माय, माय" म्हणत होतो, आणि ती शेजारीच होती.

बायकोनं पुढं वाकून मायचे पाय पाण्यातून उचलले आणि सीटवर, माझ्या विरुद्ध बाजूला वळवून घेतले. त्याच वेळी काटा गर्रकन फिरला. जीप जागची हलली नव्हती. मी काट्याकडं पाहत राहिलो. बायकोनं घोंगडी नीट करायला पाय पुन्हा इकडं आणला. काटा पुन्हा आला. मी मायच्या गुडघ्यावरचं फडकं ओढून सोडलं. रुईची दोन सुकी पानं आणि त्यांच्यामध्ये घोड्याच्या नालेएवढं काळं चुंबक.

मिलमध्ये धान चक्कीत पडण्याआधी एका पन्हाळीतून येतं. तिथं हे चुंबक बसवलेलं असतं, धानातले खिळे, तारेचे तुकडे धरून ठेवायला. जुनं झालं की बदलायचं. मी जवळजवळ किंचाळलोच, "हे कोणं बांधलं?"

"तुमीच तं देल्लं होतं त्यायले," बायको म्हणाली. "मागच्या साली. दुखणं ओढून घेते म्हणून."

दिलं होतं. मीच आणून दिलं होतं, ऐटीत. माय ते रोज बांधत होती, माझ्या मुलानं आणलं म्हणून गावाला दाखवत होती. पितळेचे स्क्रू लावणारा, पान्यांची पेटी मागं नेणारा मी, आणि मी एक मिलचं चुंबक काट्याच्या वीतभर अंतरावर बसवून वाट विचारत होतो. मी ते तलावात भिरकावलं. डुबुक झाल्याचा आवाज आला तोही कुठून आला कळलं नाही.

पुढची चाकंही ओढू लागावीत म्हणून त्यांचा दांडा टाकला, उलटा गिअर घातला. चाकं जागच्या जागी फिरली. बायको काही न विचारता उतरली, मांडीपर्यंत पाण्यात, आणि समोरून बोनेट ढकलू लागली. तिचा चेहरा मला काचेतून दिसत होता, दात घट्ट आवळलेले. घोंगडी काढून मी मागच्या चाकाखाली सारली. तिसऱ्यांदा जीपनं हिसका दिला आणि ती मागं आली. बायकोनं ओल्या लुगड्यानिशी मायला मिठीत घेतलं आणि म्हणाली, "चला."

आता काटा खरा होता. मी त्याच्याकडं पाहिलं ते चोरासारखं. आमच्याच चाकांच्या खुणांनी पहिल्या फाट्यापर्यंत मागं आलो आणि पुढं त्यानं नेलं तसा गेलो, दोन धुरे तसेच ठोकरून पार केले, एका खळ्यावरचा कुत्रा भुंकत मागं लागला. माझ्या कानात फक्त मायच्या छातीतली शिट्टी होती, आणि ती बारीक होत चालली होती. मोहाचं झाड अगदी अंगावर आलं तेव्हाच दिसलं. सडक लागली. त्या सडकेवर मी जीप कशी पळवली ते मला आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. मी व्हरांड्यात चिखलाच्या पायांनी उभा होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाचली, पण जरा आधी आणायला पाहिजे होती. मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी माय खाटेवर टेकून बसली होती. बायको बशीत चहा ओतून तिला देत होती. मायनं पहिल्यांदा चुंबकाची चौकशी केली. तलावात टाकलं म्हटल्यावर हळहळली. तिचं हळहळणं पाहून मला हसू आलं, बरं वाटलं, आणि मी सहज विचारलं.

"माय, तुले तं सारं वावर पाठ आहे. आपण तलावाकडं जाऊन राहिलो हे समजलं नाही काय?"

"समजलं ना. दुसऱ्या फाट्यालेच समजलं. ते आपलंच लाखोळीचं वावर. त्याच्यापुढं पाणीच आहे."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू बोलू नको म्हणाला."

"अवो माय, पण समोर पाणी होतं."

तिनं बशी दोन्ही हातांनी धरली आणि थोडी फुंकली. "मले भेव लागलं बापू."

"पाण्याचं?"

"नाही," ती म्हणाली. "तुहं."

बायको उठून बशी विसळायला बाहेर गेली. मी खाटेच्या लोखंडी पट्टीकडं पाहत बसलो. मला वाटत होतं त्या जीपमध्ये घाबरलेला मी एकटाच होतो. माझ्या शेजारी माझी माय समोरचं पाणी ओळखून बसली होती, आणि तिला त्या पाण्यापेक्षा माझं भेव जास्त वाटलं. मग तिनं विचारलं, जेवलास काय?

ती त्यानंतर सात वर्षं जगली. शेवटची तीन आमच्याकडं तुमसरला काढली, धूळ आणि भुसा सोसत. मी तिला दवाखान्यात नेलं, आसगावला मावशीकडं नेलं, बाजारात नेलं. ती माझ्या डाव्या हाताला बसायची. रस्त्यात कुठं काही सांगावंसं वाटलं की आधी विचारायची, "बोलू काय?" मी दर वेळी म्हणायचो, "बोल ना, माय." तरी ती क्षणभर माझ्या तोंडाकडं बघायची, आणि मगच बोलायची.